संडासाच्या व्हॉल्व्हनं पाणबुडी बुडते काय ओ?

ह्या महिन्यात टपालातनं आणि मोबाईलवर मिळून सगळ्यात जास्त प्रश्न पाणबुडीचे आलेत. एक मेसेज सगळीकडं फिरतोय, त्याच्यामुळं. म्हणून बोअरच्या केसिंगचे आणि सोलर पंपाचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, ज्यांनी पाठवलेत त्यांनी रागावू नका.

प्रश्न (निपाणीहून एक दुकानदार काका): सर, आमच्या ग्रुपवर मेसेज आलाय की दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची एक पाणबुडी कॅप्टननं संडासाचं फ्लश चुकीचं दाबलं म्हणून बुडाली. सगळे हसायलेत. मला काय ते पटंना झालंय. एवढी लोखंडाची बोट, संडासानं बुडती काय ओ? नीट सांगा की जरा.

उत्तर: काका, बोट खरी, तारीख खरी, संडासही खरा. पण मेसेजात लिहिलंय तितकं सरळ ते नाही, आणि हसण्यासारखं तर त्यात मला काहीच दिसत नाही, कारण त्या दिवशी चार माणसं मेली.

बोटीचं नाव यू-१२०६. डान्झिगच्या शिखाऊ यार्डात बांधलेली (ते गाव आता पोलंडमध्ये आहे, ग्दान्स्क म्हणतात). ३० डिसेंबर १९४३ ला पाण्यात सोडली, १६ मार्च १९४४ ला नौदलात दाखल झाली, आणि १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडच्या पीटरहेड गावाजवळ समुद्राच्या तळाला गेली. तेरा महिनेसुद्धा पुरते भरत नाहीत बघा. त्यातला बहुतेक वेळ बाल्टिक समुद्रात सरावात गेला, लढाईची फेरी अशी एकच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नॉर्वेच्या क्रिस्टियानसांड बंदरातनं निघाली आणि आठवड्याभरात सगळं संपलं. तिनं एकही जहाज बुडवलं नाही. बोटीची खूण म्हणून काळ्या ढालीवर पांढरा करकोचा काढलेला होता, चोच हिरवी, पाय हिरवे. हे वाचल्यापासून मला ते हिरवे पायच डोळ्यासमोर येतायत, कुणीतरी पोरानं बारीक ब्रश घेऊन, जीभ दाताखाली धरून ते रंगवले असणार.

आता संडासाचं. आपल्या घरात पाणी ओतलं की खाली जातं, संपला विषय. पाणबुडीत बाहेरचं पाणीच आत यायला टपलेलं असतं. दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतो. यू-१२०६ तेव्हा दोनशे फुटांच्या आसपास होती, म्हणजे साठ मीटर, म्हणजे सहा किलो. आमच्या भागातला शेतकरी हे आकडे न शिकताच ओळखतो, दोनशे फूट बोअरमधनं पाणी वर चढवायला मोटरीला जेवढा जोर लागतो तेवढ्या जोरानं तो समुद्र आत ढकलत असतो. समजा बाहेर जाणारा पाइप चार इंची धरला, तर त्याच्या तोंडावर जवळपास पाचशे किलोचा भार, म्हणजे एक थोराड मुऱ्हा म्हैस त्या झाकणावर उभी आहे असं धरा.

आधीच्या बोटींत संडासातलं बाहेर काढायला हातपंप असायचा, आणि पंचवीस मीटरच्या खाली गेलं की तो चालायचाच नाही, बाहेरचा दाब जास्त. मग खाली असताना बादल्या आणि डबे. पन्नासेक माणसं, संडास दोन, त्यातला मागचा फेरीच्या सुरुवातीला डबाबंद खाण्यानं भरलेला, म्हणजे राहिला एकच. हवा कोंदलेली, डिझेलचा वास, अंघोळ नाही, त्यात हे. शेवटी शेवटी ब्रिटिश विमानांच्या भीतीनं बोटी जास्त वेळ खालीच राहायला लागल्या, तेव्हा खोल पाण्यातही चालेल असा नवा संडास काही बोटींत बसवला, त्यातली ही एक. त्याचं काम असं: घाण आधी एका बंद टाकीत घ्यायची, बोटीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग समुद्राकडचा उघडायचा आणि दाबाच्या हवेनं ती बाहेर फेकायची, मग परत समुद्राकडचा बंद. कुठला आधी आणि कुठला नंतर ह्यातच सगळं आलं. हे काम इतकं नाजूक होतं की त्याचं ट्रेनिंग घेतलेला माणूस बोटीवर ठेवावा लागायचा.

मी स्वतः पंचवीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत व्हॉल्व्हच्या टेस्टिंगवर काढलीत म्हणून हे अंगावर येतं. एका कारखान्यात (नाव कशाला) आम्ही हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) घेत होतो, टेस्ट बेंचवर दहा किलोचा दाब, नवीन पोरगा होता, आणि मेन बंद व्हायच्या आधीच त्यानं ड्रेन फिरवला. मोठं काय फुटलं नाही. एक पांढरी धार निघाली, बोटाएवढी, आणि त्याच्या हातातला पाना उडून मागच्या पत्र्यावर असा आदळला की बाहेर चहा पिणारे लोक आत धावत आले. पोरगा भिंतीला टेकून उभा, तोंडातनं शब्द नाही. त्याला कुणी दोन्ही व्हॉल्व्हची ऑर्डर नीट सांगितलेलीच नव्हती, डिस्पॅचची घाई होती. तिथं मेन बंद केला की झालं, दार उघडं होतं, वर आकाश होतं. बोटीत तेच झालं तर बंद करायला समुद्राला मेन व्हॉल्व्ह नाही.

तरी नुसत्या पाण्यानं ती बोट गेली नसती, तेवढं पाणी पंपानं उपसलं असतं. घात केला बॅटरीनं. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवता येत नाही, हवा लागते, म्हणून बोट विजेवर चालायची. ह्या जातीच्या बोटीत शिशाच्या बॅटरीचे १२४ सेल असायचे, ६२ पुढं आणि ६२ मागं, राहायच्या जागेच्या फळ्यांखाली. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत सहा सेल असतात, त्यावरनं अंदाज करा. समुद्राचं खारं पाणी त्या फळ्यांतनं खाली उतरलं आणि बॅटरीवर पडलं. मिठाच्या पाण्यातनं करंट गेला की क्लोरीन सुटतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताना नाकाला जे झोंबतं तेच, पण इथं बंद डब्यात, आणि पन्नास माणसं आत. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या लढाईत जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. आता थांबायला वेळच नव्हता, कॅप्टननं बोट वर घेतली, हवा घेतली, आणि वर येताच ब्रिटिश विमानांनी गाठलं. किनारा दहाएक मैलांवर. बोट परत खाली जाण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून त्यानं माणसं बाहेर काढली आणि बोट स्वतःच बुडवली. चार गेले, ४६ वाचले आणि कैद झाले. त्यानंतर चोवीस दिवसांनी युरोपातलं युद्ध संपलं. चोवीस दिवस फक्त.

राहिला प्रश्न कॅप्टनचा. त्याचं नाव कार्ल-अडॉल्फ श्लिट, वय सत्ताविशीच्या आसपास, लढाईच्या फेरीवर कॅप्टन म्हणून पहिलीच वेळ. नेहमी सांगतात ती गोष्ट म्हणते की तोच संडासात गेला, व्हॉल्व्ह जमेना म्हणून माणूस बोलावला आणि त्या माणसानं चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला. श्लिटनं स्वतः सांगितलं ते वेगळं आहे: डिझेल इंजिनं बिघडलेली होती, तो इंजिनरूममध्ये होता, आणि पुढच्या संडासाचा बाहेरचा व्हॉल्व्ह एक मेकॅनिक दुरुस्त करायला गेला तेव्हा पाणी आत घुसलं. मला विचाराल तर माझं मन ह्या दुसऱ्या गोष्टीकडं जातं. कारखान्यात राबलेला माणूस तुम्हाला सांगेल, मोठा अपघात एका चुकीनं होत नाही, आधीच काहीतरी बंद पडलेलं असतं, सगळे त्याच्यामागं लागलेले असतात, आणि तेवढ्यात दुसरीकडं कुणीतरी एकटाच पाना घेऊन बसलेला असतो. नवीन यंत्र, नवीन कॅप्टन, हरत आलेलं युद्ध. त्या मेकॅनिकला किंवा कॅप्टनला हसण्याआधी ग्रुपवाल्यांना एवढं वाचून दाखवा, काका.

प्रश्न (खानापूर, अकरावी सायन्सची विद्यार्थिनी): सर, अशी एक पाणबुडी सरासरी किती टिकायची? आणि एवढ्या लवकर का बुडायच्या?

उत्तर: बाळ, सरासरीनं इथं फसायला होतं, कारण १९४० सालची पाणबुडी आणि १९४४ सालची पाणबुडी ह्यांचं नशीब एक नव्हतं. युद्धाच्या आधी बांधलेल्या काही बोटी शेवटपर्यंत राहिल्या. आणि यू-३९ सारखी बोट, डिसेंबर १९३८ मध्ये दाखल झाली, आणि १४ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले तोवर बुडालीसुद्धा, युद्धात बुडालेली पहिली जर्मन पाणबुडी तीच. आर्क रॉयल नावाच्या विमानवाहू जहाजावर तिनं टॉर्पेडो सोडले, ते आधीच फुटले, आणि बरोबरच्या विनाशिकांनी तिला तिथंच धरलं. नशीब म्हणजे तिची सगळी ४४ माणसं वाचली. नंतरच्या बोटींच्या नशिबात हे नव्हतं.

युद्धात जर्मनीनं साडेअकराशेच्या आसपास पाणबुड्या नौदलात घेतल्या, त्यातल्या पावणेआठशेच्या आसपास गेल्या. माणसांचा हिशेब आणखी वाईट, सुमारे चाळीस हजार खलाशी ह्या बोटींवर गेले आणि त्यातले तीसेक हजार परत आले नाहीत, म्हणजे चारातले तीन. तुझ्या वर्गातल्या एका बाकावर चार जणी बसत असतील तर बघ एकदा.

का बुडायच्या, तर मुळात ती नावाचीच पाणबुडी होती. यू-१२०६ ज्या जातीची, ती सदुसष्ट मीटर लांब, पाण्यावर तासाला सतरा सागरी मैलांपर्यंत पळायची, पण पाण्याखाली बॅटरीवर हळू म्हणजे तासाला चार मैलांनी गेली तर एकूण ऐंशी सागरी मैल, दीडशे किलोमीटरच्या आत. बेळगावहून निघून कोल्हापूर ओलांडून पेठ नाक्यापर्यंत, आणि तेही भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोड्याच जास्त वेगानं, वीस तास. मग वर येऊन डिझेल चालवून बॅटरी चार्ज करायचीच. पहिली काही वर्षं ती रात्री वर यायची आणि अंधारात कुणाला दिसायची नाही. पुढं ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांवर दहा सेंटिमीटर लहरीचं रडार आलं, जे जर्मनांच्या रडार पकडणाऱ्या जुन्या यंत्राला ऐकूच येत नव्हतं, म्हणजे अंधारात वरनं कुणी बघतंय हे बोटीला कळायचंच नाही, एकदम सर्चलाइट आणि बॉम्ब. त्यातच जर्मनांचे गुप्त संदेश इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला उलगडले जात होते. मे १९४३ ह्या एका महिन्यात ४१ पाणबुड्या गेल्या, जर्मन लोक त्याला काळा मे म्हणतात, आणि पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल ड्यॉनिट्झ ह्यानं त्या महिन्याच्या शेवटी उत्तर अटलांटिकमधनं बोटी मागं घेतल्या. त्याच महिन्यात त्याचा स्वतःचा मुलगा पीटर यू-९५४ वर मेला. तरी त्या बापानं बोटी पाठवायचं थांबवलं नाही, पुढची दोन वर्षं पाठवतच राहिला. हे मला अजून समजलेलं नाही, आणि तुला समजलं तर मला पत्र लिही.

नंतर श्नॉर्केल आला, म्हणजे पाण्याखालनंच नळी वर काढून डिझेलला हवा घ्यायची सोय. त्यानं बोटी थोड्या जास्त लपल्या, पण वेग गेला, आणि लाटेनं नळीचं तोंड बंद झालं की इंजिन बोटीतलीच हवा ओढायचं, माणसांचे कान ठणकायचे.

प्रश्न (येळ्ळूर, निवृत्त सुभेदार): मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली. आपली पोस्ट आपणच सोडायची नाही हे आमच्यात शिकवतात. मग हे पाणबुडीवाले आपली बोट आपल्याच हातानं का बुडवायचे?

उत्तर: सुभेदारसाहेब, तुमच्याकडं माघार घेताना तोफ मागं राहणार असेल तर ती निकामी करूनच निघायचं, तसंच हे. बोट शत्रूच्या हाती लागली तर बोटीपेक्षा आतलं सामान महाग पडायचं. ९ मे १९४१ ला आइसलंडच्या दक्षिणेला यू-११० ला ब्रिटिशांनी वर यायला लावलं. तिचा कॅप्टन फ्रित्झ-युलियस लेम्प ह्याला वाटलं बोट बुडतेच आहे, त्यानं माणसं बाहेर काढली, आणि बोट बुडालीच नाही. ब्रिटिश खलाशी छोट्या होडीतनं गेले, आत उतरले, आणि एनिग्मा मशीन (गुप्त भाषेत संदेश बनवायचं यंत्र) आणि कोडची पुस्तकं तासन् तास माणसांची रांग लावून हातोहात बाहेर काढली. लेम्प तिथंच मेला. जर्मनांना ही चोरी युद्ध संपेपर्यंत कळली नाही, कारण पकडलेल्या खलाशांना आधीच जहाजात खाली नेलं होतं आणि बोट दुसऱ्या दिवशी ओढून नेताना बुडाली. म्हणजे एका कॅप्टनची बोट एक दिवस जास्त तरंगली, त्याची किंमत बाकीच्यांनी मोजली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यू-५७० तर विमानापुढंच शरण आली आणि ब्रिटिशांनी तिला ग्राफ असं नाव देऊन आपल्याच नौदलात घेतली. म्हणून श्लिटनं पीटरहेडजवळ किनारा डोळ्यासमोर असताना जे केलं ते तुमच्याच नियमातलं आहे असं मला वाटतं, पोस्ट सोडली खरी, पण शत्रूला दिली नाही.

श्लिटची ती बोट पुढं १९७० च्या दशकात सापडली, उत्तर समुद्रातल्या तेलाची पाइपलाइन टाकायचा सर्व्हे चालला होता तेव्हा.

प्रश्न (चिक्कोडीचे एक शिक्षक): ह्या पाणबुड्या आपल्या बाजूला कधी आल्या होत्या का?

उत्तर: आल्या होत्या की सर. सगळ्यात मोठं उदाहरण तुम्ही शाळेत शिकवत असणार, फक्त बोटीचा नंबर पुस्तकात नसतो. नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन ९ फेब्रुवारी १९४३ ला कीलहून ज्या पाणबुडीत बसले ती यू-१८०. एप्रिलच्या शेवटी मादागास्करजवळ समुद्र खवळलेला असताना रबरी होडीतनं ते जपानी आय-२९ पाणबुडीवर गेले. तीन महिने त्या डब्यात. यू-१८० चं आयुष्यही थोडंच, मे १९४२ ते ऑगस्ट १९४४, शेवटी बिस्केच्या उपसागरात सगळ्या ५६ माणसांसकट नाहीशी झाली. नेताजींना पोचवणाऱ्यांपैकी त्या दिवशी बोटीवर किती होते ते कोण सांगणार, पण बोट तीच.

आणि आपल्या अगदी शेजारचं म्हणजे गोव्याचं मुरगाव बंदर. तिथं पोर्तुगीज हद्दीत एरेनफेल्स नावाचं जर्मन व्यापारी जहाज अडकून बसलं होतं आणि रेडिओवरनं आपल्या पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर देत होतं. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स ह्या राखीव घोडदळाच्या जुन्या जाणत्या लोकांनी रात्री बार्ज घेऊन जाऊन ते गाठलं, आणि जहाज बुडालं. चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना पुढच्या वेळी मुरगावच्या धक्क्यावर जरा थांबा.

प्रश्न (शहापूर, दोन मुलांची आई): मुलांना खरी पाणबुडी आतनं दाखवायची आहे. कुठं दाखवता येईल?

उत्तर: ताई, जर्मन बोट बघायची तर कीलजवळ लाबोला यू-९९५ वाळूवर उभी करून ठेवलीय, यू-१२०६ च्याच घराण्यातली, पण ते आपल्याला लांब. आपल्या आवाक्यातली म्हणजे विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरची आयएनएस कुरसुरा. १९६९ ला आपल्या नौदलात आली, २००१ पर्यंत चालली, एकतीस वर्षं, आणि २००२ पासून म्युझियम आहे. मी गेलो होतो तेव्हा एका कप्प्यातनं दुसऱ्यात जायला गोल दारातनं आधी पाय टाकून मग डोकं न्यावं लागत होतं, माझ्या मागची एक आजी ते करताना सारखी खलाशांच्या आयांची नावं काढत होती, बिचाऱ्या कशा झोपत असतील म्हणून. मुलांना घेऊन जा, सकाळी नाही, दुपारनंतर उघडतं का ते आधी फोन करून विचारा. आणि आत गेल्यावर गाइडला संडासाचे व्हॉल्व्ह किती आणि कुठला आधी फिरवायचा ते विचारायला लावा, काय सांगतो ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापतो.